पगारे उभे असेपर्यंतचा भाव

नाशकात महागाई खरोखर वाढली आहे की लोक उगाच ओरडतात, याची पडताळणी करण्याचे काम १९७४ साली श्री. झुंबर पगारे या कारकुनावर सोपवण्यात आले. दर बुधवारी गोदाकाठच्या बाजारात जायचे, भाव विचारायचा आणि तो खरा असल्याबद्दल गिऱ्हाइकांच्या सह्या घ्यायच्या. त्यावरून सगळ्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ठरणार होता. पगाऱ्यांचाही. घरी त्यांच्या पत्नी लताबाई डाळीत केव्हापासूनच पाणी वाढवत होत्या, त्यामुळे भत्ता वाढणार याबद्दल पगारे निर्धास्त होते.

कांदेवाल्या गोजराबाईंसमोर ते कागद काढून उभे राहिले. सरकारी माणूस बघून बाईंना दंडाची भीती वाटली.

"साठ पैसे किलो, सायेब."

"अहो, आत्ताच त्या माणसाला सव्वा रुपयानं दिलेत ना?"

"तवा तुम्ही नव्हते. तुम्ही उभे हाय तवर साठ. तुम्ही गेल्यावर मी भरून काढीन."

हे मागच्या माणसाने ऐकले आणि रांग लागली. प्रत्येकाने साठ पैशांनी कांदे घेतले व तशी सही केली. खोटी साक्ष एकानेही दिली नाही, हे नाशिककरांच्या सचोटीला धरूनच झाले.

पुढच्या बुधवारी पगारे टोपी काढून, लुंगी नेसून गेले. लोकांनी त्यांना पुलावरच ओळखले आणि उचलून थेट कांद्यांपुढे नेऊन ठेवले. तिथून गोडेतेलाच्या दुकानात, मग साखरेच्या. त्यांचे पाय दुखू नयेत म्हणून कोणीतरी खुर्ची आणली, कोणीतरी छत्री धरली. पगारे उठू लागले तर रांगेतून लताबाईच म्हणाल्या, "बसा हो जरा. माझं तेल राहिलंय."

पगारे वैतागून वरिष्ठांकडे गेले. "साहेब, हा भाव खरा नाही."

"एवढ्या लोकांच्या सह्या आहेत, पगारे. भाव खोटा कसा असेल?" साहेब म्हणाले. पहिली सही त्यांचीच होती.

अहवाल वर गेला. नाशकात स्वस्ताई आल्याचे सिद्ध झाले आणि महागाई भत्ता कापण्यात आला.

दुसऱ्याच दिवशी कचेरीवर मोर्चा आला. 'महागाईनं कंबरडं मोडलं' अशी घोषणा देत, वाचकहो, तुम्हीच सगळ्यांत पुढे होतात. दारात उभे असलेले पगारे दिसताच तुम्ही हात खाली घेतलात, जवळ आलात आणि हळूच विचारलेत, "बुधवारी येताय ना? कांदे संपलेत."