हॅझलबर्नच्या पुलावरील पूरदर्शन

पाणी वाढू लागले की मनुष्यजातीचे दोन भाग पडतात: पाण्यापासून लांब जाणारे आणि पाण्याकडे जाणारे. पहिल्या भागाला सगळ्या जगात पूरग्रस्त म्हणतात. दुसऱ्या भागाला सगळ्या जगात पुणेकर म्हणतात.

मोरेश्वर खांबेटे दुसऱ्या भागातले. धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की हातातले काम टाकून पुलावर जायचे, कठड्याला पोट टेकवायचे आणि गंभीरपणे "वाढतंय" म्हणायचे, हा संस्कार त्यांच्यावर वडिलांनी केला होता. पुढे ते पुलांचे अभियंता झाले. (पूल कशासाठी बांधतात, असे मुलाखतीत विचारल्यावर त्यांनी "पलीकडे जायला" असे सांगितले आणि नोकरी मिळवली. खरे उत्तर त्यांनी मनात ठेवले.) भूकंपानंतर न्यूझीलंडमधले ख्राइस्टचर्च नव्याने उभे राहत होते, तेव्हा पत्नी शकु आणि लहानग्या सिद्धीला घेऊन ते इथे आले, आणि इथल्या लोकांची एक मोठी उणीव त्यांना दिसली. इथे पूर येतो, पण तो बघायला कोणी जात नाही. हवामान खाते नारिंगी इशारा देते. लोक गाड्या उंचावर लावतात, मेंढ्या हलवतात, शेजारच्या आजीबाईंना फोन करतात आणि घरात बसतात. चांगला भरलेला पूर प्रेक्षकांवाचून वाहून जातो.

ही सांस्कृतिक हानी थांबवण्यासाठी इथल्या प्रांताच्या नावाने कँटरबरी पूरदर्शन समिती स्थापन झाली. अध्यक्ष मोरेश्वर, सचिव धैर्यशील, आणि उपाहारप्रमुख संपदा, कारण साबुदाणावडे तिलाच जमत. घटना मोरेश्वरांनी स्वतः लिहिली. तिच्यातल्या कलम दोननुसार प्रत्येक पुराची तुलना आधीच्या एखाद्या मोठ्या पुराशी करणे बंधनकारक होते. (दर दहा दर्शकांपैकी नऊ जणांनी याहून मोठा पूर पाहिलेला असतो. दहावा त्या वेळी बाहेरगावी असतो, पण त्याने ऐकलेले असते.) कलम चार सांगते की दर्शकाने पाण्यात उतरू नये व मदतकार्यात पडू नये, मदत करणाऱ्याचे पातळीकडे दुर्लक्ष होते. पूरग्रस्ताला सूचना मात्र देता येतील, शक्यतो ओरडून. कलम सातप्रमाणे ज्याच्या घरात पाणी शिरले आहे अशा सभासदाला त्या पुरापुरते दर्शक मानता येत नाही. त्याचे मत निःपक्षपाती राहत नाही.

अशा निर्दोष घटनेवर समितीची तीन वर्षे सुखात गेली.

गेल्या हिवाळ्यात मोरेश्वरांनी शहराबाहेर, हॅझलबर्न ओढ्याच्या काठी, जमिनीचा एक तुकडा आणि त्यावरचे जुने हिरवे घर घेतले. रस्त्याकडची भिंत त्यांनी हौसेने पांढरी रंगवली. मागची बाजू नंतर करू म्हणाले. शकुने पुण्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून इथे येताना काही मागितले नव्हते. तिथे राहायला जाताना मात्र तिने तीन अल्पाका मागितले. (अल्पाका म्हणजे उंट आणि मेंढी यांच्यात तडजोड होऊन निघालेला लोकरीचा प्राणी.) बकुळ, शेवंती आणि अबोली. अबोली दिवसभर गुणगुणत असे. संध्याकाळी शकु त्यांच्याजवळ गवतात जाऊन बसे आणि तीही गुणगुणे, जे मोरेश्वरांनी बऱ्याच वर्षांत ऐकले नव्हते.

जानेवारीतल्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या, त्या शनिवारी सकाळपासून वायव्येचा गरम वारा सुटला होता आणि पश्चिमेला डोंगरावर काळे ढग चढत होते.

"अहो, ओढ्याला पाणी दिसतंय," शकु म्हणाली.

"कोरडा ओढा आहे तो. नकाशात निळी रेघ असते ती पद्धत म्हणून."

"तिघींना वरच्या कुरणात हलवूया का? मला एकटीला जमायचं नाही. शेवंती हटून बसते."

"आल्यावर बघतो. नारिंगी इशारा आलाय, समिती खोळंबलीये."

आणि ते सिद्धीला घेऊन शहरात रिकार्टनला गेले. तिथल्या भारतीय किराणा दुकानासमोर समिती जमत असे.

दुपारी डोंगराच्या पायथ्याशी आभाळ फुटले. विजा, सुपारीएवढ्या गारा, आणि मग पाऊस, जो पडत नव्हता, ओतला जात होता. हमरस्ता बंद झाला. समितीने हार मानली नाही. शेतांमधल्या आडरस्त्यांनी वळणे घेत ती पुराच्या दिशेने सरकत राहिली आणि शेवटी एका अनोळखी अरुंद पुलापाशी पोचली. दृश्य अभ्यासनीय होते. कापणीला आलेला सातू आडवा झाला होता. पिकाला पाणी घालणारी लांबलचक यंत्रे कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि त्यातले एक चालूच होते.

गाड्या पुलावरच लावण्यात आल्या. मोरेश्वरांनी कठड्याला पोट टेकवले.

"वाढतंय," ते म्हणाले, आणि सभा सुरू झाली.

"सांगलीसारखं नाही पण," धैर्यशील म्हणाला.

"तू कधी होतास रे सांगलीला?" संपदाने विचारले.

"मावशी होती."

एव्हाना समितीच्या ग्रुपवर फोटो गेले होते आणि अर्धे मंडळ येऊन पोचले होते. पुलावर उभे राहायला जागा उरली नाही. मोरेश्वरांनी उजवा हात लांब करून पलीकडच्या काठावरचे एक हिरवे घर दाखवले.

"ते बघा. ओढ्याच्या अगदी मांडीत बसलंय. काय माणसं असतात! घर घेताना नकाशा बघत नाहीत?"

"अडाणीपणा, दुसरं काय," धैर्यशील म्हणाला.

घराच्या मागच्या ओट्यावर एक बाई उभी होती आणि काहीतरी पांढरे फडकवत होती.

"किती अगत्याचे लोक," संपदा म्हणाली. "वडे पाठवायला हवे होते."

समितीने सौजन्य म्हणून उलट हात हलवले. मोरेश्वरांनी तर दोन्ही हात हलवले. बाई आणखी जोरात फडकवू लागली. समितीही मागे हटली नाही.

सिद्धीने कानातून इअरफोन काढला. "बाबा, दॅट्स मम."

"कुठे?"

"देअर. विथ द अल्पाकाज. दॅट्स अवर हाऊस."

"आपलं घर पांढरं आहे, बाळा."

"ओन्ली द फ्रंट."

मोरेश्वरांनी दुर्बीण लावली. ओट्याच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. शकु उभी होती, तिच्या मागे तीन लांब माना भिंतीला चिकटल्या होत्या, आणि पाणी ओट्याच्या फळ्यांना लागत होते. पातळी किती, हा प्रश्न त्यांना आयुष्यात प्रथमच सुचला नाही. फोन वाजला.

"शकु! घाबरू नकोस, मी इथेच आहे!"

"दिसतंय मला. मघाशी दोन्ही हातांनी हात केलात."

"मी येतो. मी आत्ता..."

"तुम्ही येऊ नका, मग तुम्हाला काढावं लागेल. ग्रॅहमला फोन केलाय, तो ट्रॅक्टर आणि ट्रेलर घेऊन पुलाच्या त्या टोकाला थांबलाय. पूल मोकळा करा. अबोली गप्प झालीये, अहो. सकाळपासून गुणगुणत होती."

मोरेश्वर वळले. पुलाच्या टोकाला शेजारचा ग्रॅहम खरोखरच ट्रॅक्टरवर बसला होता आणि कोणाला हॉर्न देणे वाईट दिसेल म्हणून न्यूझीलंडच्या पद्धतीने शांतपणे वाट बघत होता.

"गाड्या काढा! सगळ्यांनी! ते माझं घर आहे!"

पुलावर सहानुभूतीची लाट पसरली. कोणी जागचे हलले नाही.

"मोरेश्वरराव, वाईट झालं हो," धैर्यशील म्हणाला. "पण कलम सात. तुम्हाला आता सूचना मांडता येणार नाही. तुम्ही त्या बाजूचे."

"अरे, कलम मीच लिहिलंय!"

"म्हणूनच पाळतोय."

"मी गाडी काढली तर ही जागा पाटणकर घेणार," संपदा म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. "शकुताईला म्हणावं, ओट्यावरच्या खुर्चीवर उभी राहा."

"शकुताई, खुर्ची!" पाचसहा जण कलम चारप्रमाणे ओरडले.

मोरेश्वरांनी विनंती केली, हात जोडले, एकदोघांच्या गाड्या ढकलूनही पाहिल्या. मग ते थांबले. चाळीस वर्षांचा व्यासंग असा अचानक उपयोगी पडतो. त्यांनी फोन कानाला लावला, कोणाचेतरी ऐकल्यासारखे केले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"काय सांगता! पुढच्या पुलावर पाणी कठड्याला लागलं?"

पूल रिकामा झाला. कँटरबरीत कोणतीही यंत्रणा इतक्या लोकांना इतक्या थोड्या वेळात हलवू शकली असती असे वाटत नाही. (धैर्यशील थर्मास विसरला, यावरून वेगाची कल्पना यावी.)

ग्रॅहम पुलावरून पुढे आला. "ऑल गुड, मेट?" एवढेच विचारून त्याने ट्रॅक्टर पाण्यात घातला. चाके अर्धी बुडाली, मग अर्ध्याहून जास्त. ट्रेलर ओट्याला लागला. बकुळ आपण होऊन चढली. शेवंती हटून बसली. तिला शकुने मागून ढकलले, ग्रॅहमने पुढून ओढले. सर्वांत शेवटी अबोलीला कवेत धरून शकु चढली आणि ओट्यावरची खुर्ची हलकेच तरंगत निघून गेली. मोरेश्वर आणि सिद्धी कठड्याला धरून उभे होते, आणि दोघांपैकी कोणीही फोटो काढला नाही.

ट्रेलर पुलावर आला तेव्हा शकु गुडघ्यापर्यंत चिखलात होती. तिने फडकवलेला पांढरा पंचा मोरेश्वरांच्या हातात दिला.

"मागची भिंत," ती म्हणाली, "आता रंगवायला नको. गेली."

ते पंचा पिळत ट्रेलरच्या मागून चालत राहिले. बऱ्याच अंतरानंतर अबोली पुन्हा गुणगुणू लागली.

समितीची बैठक पुढच्या रविवारी झाली. पुढच्या पुलावर पाणी घोट्याएवढेही नव्हते, तेव्हा खोटी पातळी जाहीर केल्याबद्दल मोरेश्वरांचा एकमताने निषेध झाला, आणि मोसमातला सर्वांत देखणा प्रसंग सभासदांच्या गैरहजेरीत उरकल्याबद्दल शकुला नापसंती कळवण्यात आली. मोरेश्वरांनी राजीनामा दिला. हल्ली नारिंगी इशारा आला की ते अल्पाका वर नेतात आणि ग्रॅहमच्या आईला फोन करतात. चांगला माणूस असा वाया गेला.

अध्यक्षपद त्यामुळे रिकामे आहे. सर्वजण निघून गेल्यावरही काडीचीही मदत न करता शेवटच्या अल्पाकापर्यंत बघत उभी राहिलेली व्यक्ती समितीला हवी आहे. पुलावर त्या दिवशी असे कोणी उरले नव्हते. वाचकहो, आपण मात्र अजून इथेच आहात. निवड बिनविरोध समजावी. येताना स्वतःचा कप आणावा.