कोपऱ्यातल्या ब्लॉकचे बाबूकाका

आमचे बाबूकाका कुलूप लावलेल्या दाराशी गप्पा मारत. शहापूरच्या आमच्या नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर कोपऱ्यातला ब्लॉक रिकामा होता. दुपारचं जेवण झालं की काका तिथे जात, कडी वाजवत आणि विचारत, "काय गो बय, झालं का दळण?"

आम्ही हसायचो, पण जिन्यात उभं राहूनच. कारण भर दुपारी त्या ब्लॉकमधून जात्याची घरघर ऐकू यायची. आत ना जातं, ना माणूस. ब्लॉक घेतलेले गुरुजी आठवड्याभरात बिऱ्हाड उचलून मुरबाडला परत गेले होते. इमारतीच्या जागी पूर्वी एका म्हातारीची झोपडी होती आणि ती बिल्डरशेठने पाडली, एवढंच लोक सांगत.

हा शेठ इमारत आमच्या ताब्यात देईना. विहिरीवरचा पंप बिघडला की म्हणायचा, "आधी सोसायटी करा, मग बोला." सोसायटीला दहा सभासद लागत. आम्ही नऊ. गुरुजी सभासद व्हायला तयार नव्हते; ब्लॉक विकायला मात्र एका पायावर तयार होते, पण घ्यायला कुणी धजेना.

काका तळमजल्यावर भाड्याने राहत, एकटेच. एका बैठकीत ते उठले.

"तो ब्लॉक मी घेतो. दहावा मेंबर मी."

"अहो काका, पण तिथे ते..."

"ठाव हाय. मी काय बहिरा नाय."

काका राहायला गेल्याचं कळताच शेठ भर दुपारी धावत आला. सोसायटीचे कागद घेऊन मी तिथेच बसलो होतो; त्यांवर शेठच्याही सह्या हव्या होत्या.

"बाबूकाका, ही खोली चांगली नाय. तुमाला दुसरी जागा देतो. सोसायटीचं खूळ सोडा."

"बसा तर खरं, शेठ. पाणी घ्या."

शेठने तांब्याला हात लावला आणि भिंतीच्या बाजूने घरघर सुरू झाली. संथ, जड. तांब्यातलं पाणी थरथरू लागलं.

काका भिंतीकडे वळले. "बय, पाव्हणं आलंत. जरा थांब."

घरघर थांबली. तिच्या थांबण्यानेच माझ्या अंगावर काटा आला.

शेठ पांढराफटक पडला. "तिचं जातं मी परत देणार होतो," तो पुटपुटला. त्याच्यापाशी जात्याचा विषय आम्ही कुणीच काढला नव्हता. माझ्या हातातले कागद ओढून त्याने भराभर सह्या केल्या आणि चपला तिथेच टाकून अनवाणी जिना उतरला.

सोसायटी झाली. दारावर पाटी लागली त्या दिवशी मी पेढे घेऊन वर गेलो. घरघर चालू होती. काका त्याच भिंतीला पाठ टेकून निवांत सुपारी कातरत होते.

"काका, खरंच भीती नाही वाटत?"

"भ्या कसलं रे?" काका म्हणाले. "खाली राहायचो तवा घरात चमचा पडला, तरी तो मीच पाडलेला असायचा."