घोरपडेकाकांची वीस मिनिटं

आमच्या रस्त्यावर मंगळवारी सकाळी सात वाजता कचऱ्याच्या डब्यांची परेड असते. सगळ्या घरांचे डबे फुटपाथच्या कडेला एका रेषेत, झाकणं मिटलेली, चाकं घराकडे. रेषा चुकली की घोरपडेकाका शिट्टी फुंकतात. मी नॉटिंगहॅममध्ये राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी दार वाजवून सांगितलं, "मॅडम, तुमचा डबा सहा इंच पुढं आलाय. ऑर्डर म्हणजे ऑर्डर." मी गाऊनवरच बाहेर जाऊन डबा मागे ढकलला. पुण्यात मी सोसायटीच्या चेअरमनचंही कधी ऐकलं नव्हतं.

खाकी हाफपँट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि मेण लावून टोकं वर केलेल्या मिशा असा एकूण थाट. पोस्टमनला सॅल्यूट ठोकायचे, तोही बिचारा परत ठोकायचा. गोरे शेजारी त्यांना कर्नल म्हणायचे. काकांनी ते कधी नाकारलं नाही. काका-काकूंची गवत कापायची छोटी कंपनी होती. काका व्हॅनपाशी उभे राहून हातवारे करत हुकूम सोडणार आणि सुप्रियाकाकू मुकाट्याने यंत्र चालवणार. कापून झालं की काका फूटपट्टीने गवताची उंची मोजायचे. मी एकदा हसले, तर मला पट्टी धरायला लावली.

शाळांच्या मैदानांचं गवत कापायचं त्यांचं काम एका मोठ्या कंपनीकडे गेल्यापासून मात्र व्हॅन आठवड्यातले तीन दिवस दारातच उभी असायची. हिवाळ्यात कंपनी बंद करावी लागेल, असं काकू मला कुंपणावरून म्हणाल्या होत्या. आणि अशात एका शनिवारी काका लॅपटॉप छातीशी धरून धावतच आले. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, तीन बागा आणि जुन्या ख्रिस्ती स्मशानभूमीच्या गवतासाठी माणसं हवी होती, आणि माजी सैनिकांच्या मालकीच्या छोट्या कंपन्यांना त्यात प्राधान्य होतं. फक्त आधी पात्रता तपासून घ्यायची. मला पण एकदम चेव आला. मी चहा टाकला, फॉर्म उघडला आणि विचारलं, "काका, तुमची रेजिमेंट कुठली?"

काकांनी अंगठा आपल्या घराकडे केला. "मी न्हाई. ती."

काकू लहानपणी वडिलांबरोबर इथे आलेल्या, आणि एकोणिसाव्या वर्षी ब्रिटिश आर्मीत स्वयंपाकी म्हणून भरती झालेल्या. सहा वर्षं त्यांनी तंबूत तीनशे माणसांचं जेवण रांधलं होतं. काकांनी मात्र आयुष्याची सुरुवात कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर केली होती. भरतीला तेही गेले होते, पण छाती पाऊण इंच कमी पडली. "पाऊण," असं ते दोनदा म्हणाले. मी पुढचा रकाना वाचायला घेतला.

मालकी निम्म्याहून जास्त माजी सैनिकाची हवी, असा नियम होता. काकांनी त्याच आठवड्यात आपला बराचसा हिस्सा काकूंच्या नावे केला आणि आपण आता सेकंड-इन-कमांड झालो, असं रस्ताभर सांगत सुटले. फॉर्म त्यांनी स्वतःच पूर्ण केला. कुणाला हात लावू दिला नाही.

दहा दिवसांनी ईमेल आली. सुप्रिया मोहन घोरपडे नावाची कुणीही व्यक्ती सैन्याच्या नोंदीत नव्हती. काकूंच्या आर्मीतून सुटल्याच्या कागदावर नाव होतं इंदुमती रामचंद्र जगदाळे. या दोन वेगवेगळ्या स्त्रिया आहेत का, असं तपासणी करणाऱ्या हेलनबाईंनी अगदी सभ्यपणे विचारलं होतं. मी फॉर्म परत उघडला. 'यापूर्वीची नावे' या रकान्यात काकांनी ठसठशीत लिहिलं होतं: नाहीत.

"काका, हे काय?"

"काय म्हंजे? लग्न झालं हो तिचं. नाव कुठं बदललं?"

आता हे हेलनबाईंना कसं समजावणार! आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. वडिलांचं नाव जातं, आडनाव जातं, आणि सासूला हौस असेल तर खुद्द पाळण्यातलं नावही जातं. काकूंची तिन्ही गेली होती, आणि या सगळ्याला नाव बदलणं म्हणतात हे काकांच्या गावीही नव्हतं. नशिबाने पासपोर्टसाठी केलेला नावबदलाचा इंग्लिश कागद सापडला. काकांनी तो 'लग्न – इतर' नावाच्या फायलीत लावून ठेवला होता.

कागद पाठवला. पण शंका आली ती आलीच. हेलनबाईंनी व्हिडिओवर वीस मिनिटांची मुलाखत ठेवली. कंपनी खरंच काकू चालवतात का, ते बघायचं होतं. अट एकच, दुसऱ्या कुणी उत्तर दिलं तर अर्ज बाद.

वीस मिनिटं घोरपडेकाकांनी बोलायचं नाही! मी आदल्या दिवशीच शंकरपाळ्यांची बरणी भरून ठेवली.

मी काकूंना लॅपटॉप लावून दिला आणि काकांना स्वयंपाकघरात नेलं. दार किलकिलं ठेवलं. पहिल्या प्रश्नाला काका पुढे झुकले, मी त्यांच्या तोंडात शंकरपाळा घातला. दुसऱ्या प्रश्नाला दुसरा. विमा, माणसांचं प्रशिक्षण, यंत्रांची देखभाल, काकू सगळं न अडखळता सांगत होत्या. मग हेलनबाईंनी विचारलं, स्मशानभूमीत जुन्या दगडांच्या कडेचं गवत कसं कापणार? काका खुर्चीतून उठलेच. मी अख्खी बरणी त्यांच्या हातात दिली.

काकू म्हणाल्या, तिथे यंत्र नेणार नाही, दगडांचे टवके उडतात. हाताच्या कात्रीने, गुडघ्यावर बसून कापू. आणि ज्या थडग्यावर ताजी फुलं असतील, तिथे त्या दिवशी जाणार नाही. घरचं माणूस नुकतंच येऊन गेलेलं असतं.

काका माझ्या कानाशी कुजबुजले, "मी यंत्रच म्हणणार हुतो."

शेवटी हेलनबाईंनी विचारलं, आर्मीत तुम्हाला काय नावाने हाक मारायचे?

"इंदू," काकू म्हणाल्या. "एव्हरीवन कॉल्ड मी इंदू." आणि त्या हसल्या. मोकळं, मुलीसारखं हसल्या. सात वर्षांच्या शेजारात मी ते हसू ऐकलं नव्हतं. काकांकडे बघितलं. बरणी बाजूला ठेवून ते दाराच्या फटीतून काकूंकडे बघत होते.

पात्रता मंजूर झाली! तीन आठवड्यांनी कामही मिळालं. मी ऑफिसमध्ये टाळ्या वाजवल्या, नंतर सगळ्यांना कारण सांगत बसले. रस्त्यावर काकांनी पेढे वाटले. पोस्टमनने दोन घेतले.

कामाच्या पहिल्या सकाळी मी मुद्दाम स्मशानभूमीवरून गेले. काका फाटकाशी उभे होते. हुकूम नाही, हातवारे नाहीत. आत मोकळ्या भागात काकू यंत्र चालवत होत्या.

"आईनं नाव सांगितलं, मी तांदळात लिहिलं," काका एकदम म्हणाले. "अक्षर चांगलं यावं म्हणून आठ दिवस पाटीवर गिरवलं हुतं बघा. पण तिला चालंल का, हे काय विचारलं न्हाई. आर्मीत मला घेतलं न्हाई, आन जी आर्मीत हुती तिचं नावच मी पुसलं."

मग ते फाटकातून आत दोन पावलं गेले.

"इंदू," त्यांनी हाक मारली.

यंत्राच्या आवाजात ती विरून गेली. त्यांनी पुन्हा मारली, जरा मोठ्याने. काकूंनी यंत्र बंद केलं आणि वळून नवऱ्याकडे बघितलं.

"नीट ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "परत म्हणा."

काकांनी परत म्हटलं. तोवर काकू गवतातून त्यांच्याकडे यायला निघाल्या होत्या.