स्टँडमध्ये काय भरावं?

पेणकरपाड्यातल्या एका सोसायटीने वार्षिक कार्यक्रमासाठी स्पीकरचा उंच स्टँड घेतला आणि तो तालमीतच कोलमडला. त्याचा पाय पोकळ होता. त्यात काहीतरी जड भरायचं, एवढंच काम. "रेती भरूया," असं उत्तम रेडकर बोलून गेला आणि स्वतःच्याच पायावर धोंडा मारून बसला. कमिटीने तिथल्या तिथे भराव उपसमिती नेमली, त्यालाही आत घेतलं.

"गच्चीवर ढीग पडलाय की रेतीचा," उत्तम म्हणाला.

"ती गळती-दुरुस्तीची रेती," चेअरमन दिपेशभाई म्हणाले. "सांस्कृतिक कामाला कशी वळवणार? ऑडिटवाला जीव घेईल, भाई."

"पण गळतीचं काम कुठे होतंय?"

"तो विषय वेगळा."

मग खडी सुचली. ती गाण्याबरोबर खडखडेल, असं तज्ज्ञांचं मत पडलं. तांदळाचं नाव निघताच कमिटीतल्या आशाताई कडाडल्या, "अन्न आहे ते! पायात घालता?" सिमेंट ओतलं तर स्टँड कायमस्वरूपी बांधकाम ठरणार, म्हणजे परवानगी घेणं आलं. भंगारातले नटबोल्ट दिसायला वाईट. आतले नटबोल्ट दिसतील कुणाला, असं उत्तमने विचारलं, तेव्हा त्याला सकारात्मक राहण्याची समज देण्यात आली.

शेवटी ठराव झाला. भराव निश्चित होईपर्यंत स्टँड उत्तमने धरावा. तात्पुरता!

"अहो, माझ्या सान्वीचा नाच आहे! पोर पहिल्यांदा स्टेजवर चढतेय."

"मग बघा ना आरामात. फक्त हात सोडू नका."

कार्यक्रमाला उत्तम स्पीकरच्या मागे उभा. डोळ्यांसमोर काळा डबा, त्यापलीकडे लेक नाचतेय. जरा मान काढली की स्टँड डुलायचा आणि पहिल्या रांगेतून ओरडा यायचा, "ओ, नीट धरा!" घुंगरांचा आवाज तेवढा कानावर पडत होता. त्याचा जीव नुसता तळमळत होता.

नाच संपताच सान्वी धावत आली. "पप्पा, शेवटची गिरकी बघितली?"

"एकदम भारी," तो म्हणाला.

तेवढ्यात दिपेशभाईंनी माईक घेतला. "स्टँड एकदाही पडला नाही! उत्तमभाई खडखडत नाहीत, सांडत नाहीत, ऑडिटलाही अडचण नाही. पुढच्या वर्षी हाच भराव कायम!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतून तुम्हीही वाजवल्यात की. आवाज छान होता, असंही निघताना म्हणालात. स्टँड धरायला दोन्ही हात मोकळेच होते तुमचे.