स्वतःच्या दाराची बेल

प्रश्न असा होता : ज्याच्या खिशात घराची किल्ली आहे, ज्याची बायको घरातच आहे आणि ज्याला विसरण्याची सवय मुळीच नाही, असा माणूस रोज संध्याकाळी बाहेर येऊन स्वतःच्याच दाराची बेल का वाजवतो?

माझी सारी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. प्रश्न नीट मांडला की निम्मे काम होते, असे मी मुलांना सांगत असे. या प्रश्नाच्या बाबतीत मात्र तो नीट मांडूनही मी बराच काळ भलत्याच उत्तरापाशी थांबले होते. म्हणून सारे क्रमाने सांगते.

हा माणूस म्हणजे घैसास. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत त्यांचे दार आणि माझे दार एकाच मजल्यावर समोरासमोर आहे. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ते तपासणी विभागात होते. तयार माल हातात घ्यायचा, फिरवून पाहायचा, मापायचा आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायचे, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. गेटवर भाजीची गाडी आली की कोथिंबिरीची जुडी ते दोन्ही हातांनी उचलत, कानाशी नेत आणि हळूच हलवत.

“काका, कोथिंबीर आहे ती. फुटणार नाही,” भाजीवाला म्हणे.

“तेच बघतोय. देठ रिजेक्ट. पुढची दाखवा.”

पण त्यांचा खरा राग मालातल्या दोषावर नव्हताच. तो पुनरुक्तीवर होता. एकदा ऐकलेली गोष्ट दुसऱ्यांदा कानावर आली की त्यांची तर्जनी वर जाई आणि ते म्हणत, “सांगून झालंय.” सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी खडकवासल्यातल्या पाण्याविषयी बोलू लागले की घैसासांचे बोट वर. “सांगून झालंय. गेल्या उन्हाळ्यात. धरण तेच आहे.” माझ्या निवृत्तीच्या समारंभाला ते आवर्जून आले होते. एका वक्त्याने मला दुसऱ्यांदा ‘ज्ञानाचा दिवा’ म्हटले, तेव्हा तिसऱ्या रांगेतून स्पष्ट आवाज आला, “लावून झालाय.” त्या समारंभातले मला आज तेवढेच वाक्य आठवते, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

आता अशा माणसाची पत्नी कशी असावी? कुमुदताई गोष्टी सांगतात. त्यांच्याजवळ गोष्टी मोजक्या आहेत, सगळ्या सासवडच्या माहेरच्या, आणि त्या त्यांना पुन्हापुन्हा सांगायच्या असतात. “आमच्या शेजारी पेरूचं झाड होतं,” असे त्यांनी म्हणायचा अवकाश, की आतून आवाज येई, “कुमुद, सांगून झालंय.” कुमुदताई मुळीच रागावत नसत. “अहो, तुम्हाला कुठे सांगतेय? मी भिंतीला सांगतेय,” असे म्हणून त्या फोन उचलत आणि हडपसरला धाकट्या बहिणीला, शकूताईंना, लावत. दोघी बहिणी रोज दुपारी एकमेकींना त्याच गोष्टी सांगत. दोघीही त्या गोष्टींत स्वतः हजर होत्या, तरीही सांगत. त्यांचे हसणे दोन दारे ओलांडून माझ्यापर्यंत येत असे.

मग लॉकडाउन लागला. आम्ही सगळेच पासष्टीच्या पुढचे, त्यामुळे दारे बंद करून बसलो. दुधाच्या पिशव्या दाराच्या कडीला लटकू लागल्या आणि शेजाऱ्यांचे दर्शन त्या पिशव्या काढण्यापुरते उरले. काही आठवड्यांनी मला जाणवले की दुपारचे ते हसणे ऐकू येत नाही. हसणेच काय, कुमुदताईंचा आवाजच नाही. सकाळी मी घैसासांना विचारले, “कुमुदताई बऱ्या आहेत ना?”

“ठीक आहे,” ते म्हणाले. ‘पास’ म्हणाले नाहीत. ही गोष्ट मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवी होती.

त्याच सुमारास बेल सुरू झाली.

उन्हे उतरली की घैसासांचे दार उघडे. इस्त्रीचा शर्ट, पूर्ण विजार, तोंडावर मास्क अशा पोशाखात ते बाहेर येत. सारी सोसायटी अर्ध्या चड्डीत वावरत होती त्या काळातली ही गोष्ट आहे. ते दार ओढून घेत, एक जिना खाली उतरत, पुन्हा चढून वर येत, पायपुसण्याशेजारी चपला काढत आणि बेल एकदाच वाजवत. कुमुदताई दार उघडत. घैसास काही न बोलता आत जात. बऱ्याच वेळाने ते बाहेर येत, चपला घालत, जिना उतरत, लगेच चढून येत, आणि या वेळी खिशातल्या किल्लीने दार उघडून नेहमीच्या आवाजात म्हणत, “चहा टाकतेस का?”

हे मी दाराच्या भिंगातून पाहिले. असे पाहणे शिष्टसंमत नाही, पण निरीक्षणाला दुसरे साधन नव्हते.

खालच्या मजल्यावरच्या साठेबाईंना मी फोन केला. त्यांनाही जिन्यावरची ही वर्दळ ऐकू येत होती आणि त्यांचे उत्तर तयार होते.

“भांडण, बाई! कुमुदताई हाकलून देतात. राग गेला की आत घेतात.”

“रोज?”

“लॉकडाउन आहे. वेळ कसा घालवायचा माणसांनी?”

“हाकलून दिलेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून कसा निघेल?”

“पुण्याचा आहे,” साठेबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

माझे अनुमान अधिक शास्त्रीय होते. ज्याने जन्मभर तपासणी केली त्याला तपासायला माल उरला नाही, म्हणून तो बेल तपासतो आहे. मला हे इतके पटले की दुसऱ्या दिवशी दूध घेताना मी मदतीच्या हेतूने म्हणाले, “बेल अडकत असेल तर माझ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे.”

घैसासांनी माझ्याकडे कोथिंबिरीच्या जुडीकडे पाहावे तसे पाहिले. “बेल उत्तम आहे. वाजवली की दार उघडतं. सगळ्या बेलांचं तसं होतंच असं नाही.”

माझे अनुमान एका संध्याकाळी कोसळले. उकाड्यामुळे मी दार किलकिले ठेवले होते. घैसास बाहेर आले, चपला घातल्या आणि पाठ फिरवून जिना उतरू लागले. मला काहीतरी खटकले. हा माणूस जुन्या रीतीचा. साधे कचरा टाकायला खाली गेला तरी दारातून “येतो गं” म्हटल्याशिवाय पाऊल न टाकणारा. तो मुकाट निघाला होता. मग मी मागचे सारे आठवून पाहिले. आत येताना कुमुदताई “या” म्हणत नव्हत्या. त्या वेळात कपबशीचा आवाज कधी झाला नव्हता. चहा नंतर, किल्लीने दार उघडल्यावर. आपल्याकडे “या” नाही, चहा नाही, “येतो” नाही, असे जाणे-येणे एकाच प्रकारच्या घरी होते. ज्या घरात कुणी गेले आहे तिथे माणसे अशी भेटायला जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी हातात धरून मी विचारले, “घैसास, कोण गेलं?”

त्यांनी आधी आपले दार ओढून घेतले. मग मास्क नीट केला. “शकू.”

“अहो! कधी? कळवायचं तरी—”

“कळवलं असतं तर तुम्ही आला असता. सगळा जिना आला असता. अशा दिवसांत कुणाला बोलवायचं? तिचं हृदय बंद पडलं. हडपसरला जायचे रस्ते बंद. परवानगी मिळेपर्यंत तिकडे उरकलं होतं. हिला तोंडही बघता आलं नाही.”

“आणि कुमुदताई?”

“बोलेना. दुपारी फोनच्या वेळेला फोन मांडीवर घेऊन बसायची. जेवण दोन घासांचं. मी म्हटलं, मला सांग की शकूचं काहीतरी.” घैसास जिन्याच्या कठड्याकडे पाहत राहिले. “तर म्हणाली, तुम्हाला काय सांगू? तुम्हाला सांगून झालंय.”

मी दुधाची पिशवी पुन्हा कडीला अडकवली.

“बाई, माणूस गेलं की चार लोक येतात. प्रत्येक जण विचारतो, कसं झालं? प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं. मला आपला हा प्रकार कायम वेडगळ वाटायचा. तेच तेच. माझे वडील गेले तेव्हा तर मी एका पाहुण्याला म्हटलं होतं, शेजारच्यांना विचारा, त्यांना सांगून झालंय. आता समजलं तो कशासाठी असतो. हिच्याकडे कुणी यायलाच नव्हतं. म्हणजे ज्याला माहीत नाही असं कुणी.”

“म्हणून तुम्ही—”

“शर्ट बदलला, खाली गेलो, वर आलो, बेल मारली. ती म्हणाली, अहो, डोकं फिरलंय का? किल्ली आहे ना खिशात? मी म्हटलं, शकूताईंचं कळलं. कसं झालं? बातमीचा फोन मीच उचलला होता, बाई. तरी विचारलं. ती बराच वेळ दारातच उभी राहिली. मग खुर्ची पुढे केली आणि सांगायला लागली.”

त्या दिवसापासून कुमुदताई रोज सांगत होत्या आणि घैसास रोज पहिल्यांदा ऐकत होते. ज्या माणसाला सेक्रेटरींचे धरण दोनदा सोसत नव्हते, तो.

“आता जेवते ना?” मी विचारले.

“पोळी पूर्ण खाते. पण अडचण आलीय.” घैसासांचा आवाज एकदम कारखान्यातला झाला. “मी रिजेक्ट झालोय. पेरूच्या झाडावरून शकू पडते ना, ती तिथपर्यंत यायच्या आधीच मला हसू येतं. आणि शेवट जवळ आला की आधीच डोळे भरतात. परवा ती बोलता बोलता थांबली. म्हणाली, तुम्हाला पुढचं माहीत आहे. नवा माणूस पाहिजे, बाई. तुम्ही याल? दाराबाहेर बसा, मास्क लावून. मधे जाळीचं दार राहील. फक्त मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही.”

त्या संध्याकाळी मी इस्त्रीची साडी नेसले. दोन पावलांचे अंतर, पण मीही एक जिना उतरून पुन्हा वर चढले. त्यामागे काही शास्त्र असावे असे वाटले. बेल एकदाच वाजवली. जाळीच्या दाराआड कुमुदताई दिसल्या. वाळल्या होत्या. त्यांनी “या” म्हटले नाही. मी बाहेर स्टुलावर बसले आणि म्हणाले, “शकूताईंचं कळलं. कसं झालं?”

कुमुदताईंनी मागे वळून पाहिले. जेवणाच्या टेबलाशी घैसास मान खाली घालून कोथिंबीर निवडत होते, जणू घरात कोण आले आहे याच्याशी त्यांचा संबंधच नव्हता. मग त्या बोलू लागल्या. दोघींची एकच शाळा. शकूचा चुलत नणंदेशी झालेला अबोला. मग शेवटची दुपार : मुगाच्या खिचडीला पाणी किती, यावर दोघींचा फोनवर वाद झाला, हडपसरच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि शकू म्हणाली, “थांब, ठेवते.” तेच शेवटचे. इथवर सांगून कुमुदताईंनी पदराने डोळे टिपले आणि त्या गप्प झाल्या. गोष्ट संपली असे मला वाटले.

टेबलाकडून आवाज आला. मान वर न करता, देठ बाजूला टाकत घैसास म्हणाले, “पेरूचं राहिलं.”

“राहिलंच की!” कुमुदताई म्हणाल्या. “अहो बाई, आमच्या शेजारी पेरूचं झाड होतं. आम्ही दोघी वर, आणि खालून मालक आला. शकूनं काय करावं? पुरावा नको म्हणून परकरातले सगळे हिरवे पेरू तिथेच बसून खाल्ले. आणि मग उडी मारायला गेली ती—”

टेबलाशी बसलेल्या माणसाचे खांदे हलू लागले. या वेळी कुमुदताई थांबल्या नाहीत. त्यांनी एकदा तिकडे पाहिले, आणि गोष्टीतली शकू पडण्याच्या आधीच त्याही हसू लागल्या. कित्येक आठवड्यांनी ते हसणे मला ऐकू येत होते, मधे फक्त एक जाळी होती.

मी उठले. “येते” म्हटले नाही. आत कोथिंबिरीच्या देठांचा ढीग पानांपेक्षा मोठा झाला होता.

सुरुवातीच्या प्रश्नाला मी काढलेले उत्तर असे : ज्याला गोष्ट माहीत आहे त्याला ती न सांगण्याची सवय आपणच लावतो, आणि ती मोडायची तर कधी कधी स्वतःच्या घरी पाहुणा म्हणून जावे लागते. एका जिन्यावरच्या एका निरीक्षणावरून काढलेले हे उत्तर आहे. तेवढ्यावरून काही सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. आपल्या घरी ऐकून ऐकून पाठ झालेली एखादी गोष्ट असेल, तर ती सांगणाऱ्याला आज आपणहून विचारावी, शेवटपर्यंत ऐकावी, आणि मधला एखादा भाग त्यांच्याकडून राहिला तर त्याची आठवण करून द्यावी. माझे उत्तर बरोबर आहे की नाही, हे कृपया आपणच तपासून पाहावे.