मेश्रामकाकांचा पाण्याचा पेला

रविवारी सकाळी मेश्रामकाका बेल वाजवत, तेव्हा मी आधी जुना टॉवेल शोधत असे. पुढचा तासभर मला त्यांच्या डिझेलच्या पिकअप ट्रकमध्ये त्यांच्या शेजारी बसायचं असे. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर पोळपाट आणि पोळपाटावर पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला. गिअर बदलताना पाणी सांडलं की मी ओरडायचं, "सांडलं!" मग ते गाडी कडेला घेऊन वहीत लिहीत: "दुसऱ्यातून तिसरा. गुडघा ओला."

गुडघा माझा.

लखनऊच्या आमच्या कॉलनीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं. तेवढ्यावर हे काम माझ्याकडे आलं. "मराठीत सांडलं का बरोब्बर समजते नं, ताई," असं त्यांचं म्हणणं.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. छत्तीस वर्षं रेल्वेच्या डिझेल इंजिनांखाली झोपून दुरुस्त्या करण्यात काढलेली. ट्रक निवृत्तीनंतर घेतला, सेकंडहँड, पण त्याला ट्रक म्हटलेलं खपत नसे. तो 'इंजिन'. सकाळी इंजिन सुरू करून ते पाच मिनिटं डोळे मिटून नुसता आवाज ऐकत. गेटवरचा भैया मला विचारायचा, "मैडम, अंकल पूजा कर रहे हैं क्या?" मी हो म्हणायचे. समजावत कोण बसणार?

भानगड टायरांनी केली. काकूंच्या गावचा शेवटचा रस्ता इतका खचलेला, की गाडी खालून घासायची. म्हणून काकांनी मोठे टायर बसवले. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, पण गाडीच्या आतल्या कॉम्प्युटरला जुनाच टायर ठाऊक. त्या गाडीला क्लच नाही, गिअर कधी बदलायचा ते कॉम्प्युटरच ठरवतो. तो आता भलत्याच वेळी ठरवू लागला आणि प्रत्येक वेळी कमरेत लाथ बसावी तसा झटका.

काकूंच्या पाठीच्या मणक्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्या एकदाच बसल्या. कॉलनीच्या कोपऱ्यावर उतरल्या आणि भिंतीला धरत धरत घरी चालत आल्या. "पुन्हा बसा म्हणू नका मला," एवढंच बोलल्या.

आणि जायचं तर होतं. गावी काकूंची थोरली बहीण. तिला आता फोनवर आवाज ओळखू येत नव्हता, चेहरा अजून येत होता. किती दिवस येईल, सांगता येत नव्हतं. रेल्वेनं जायचं तर इथे चारबाग स्टेशनला पूल चढा, तिकडे पूल उतरा. काकूंना चार पायऱ्याही जड.

गॅरेजवाला म्हणाला, "अंकल, इतना तो चलता है." काकांनी त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकलं नाही. लॅपटॉप आणि गाडीला जोडायचं एक यंत्र आणलं, टायरचं माप स्वतः भरलं, आणि आमचे लष्करी छावणीतल्या मोकळ्या रस्त्यांवरचे रविवार सुरू झाले. त्यांचं एक पालुपद होतं: "यंत्र खोटं नाही बोलत, ताई. त्याला कोणीतरी खोटं सांगितलेलं असते."

तीन महिने पाणी सांडत राहिलं. "तुम्ही तर नाही हलल्या नं?" असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा मी उरलेला पेला त्यांच्याच मांडीवर ओतणार होते.

शेवटी एका रविवारी मी म्हटलं, "काका, टायर मोजलात कसा?"

"मधोमध उंची घेतली, गुणाकार करून घेर काढला. चाक आहे नं."

"गाडीला लावलेला असताना?"

"काहून? काढून ठेवला होता. साफ मोजता येते."

मी स्कूटर चालवणारी बाई. हवा कमी झाली की टायर कसा बसतो ते मला पायाला कळतं. म्हटलं, "काका, हे लोखंडाचं चाक नाही. रबर आहे. वजनानं दबतं ते."

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "छत्तीस वर्षं..." एवढंच म्हणाले.

मग त्यांनी खडू आणला. टायरवर एक रेघ, खाली त्यांच्या पार्किंगसमोरच्या रस्त्यावर एक रेघ. मला आत बसवलं, काकूंच्या वजनाला मी कमी पडते म्हणून सोबत तांदळाची अर्धी गोणी दिली. गाडी हळूहळू पुढे नेली, टायरवरची रेघ पुन्हा खाली आली तिथे दुसरी रेघ ओढली आणि टेप लावला. आकडा थोडासाच कमी निघाला. तो भरून, गिअरच्या वेळा नव्यानं बसवून आम्ही छावणीला चक्कर मारली. पोळपाट कोरडा.

"मीच सांगितलं होतं त्याला खोटं," काका बोनेटवर हात ठेवून म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना बसा म्हटलं नाही. नुसतं दार उघडं ठेवलं आणि आरसा पुसत बसले. बराच वेळ एकच आरसा. काकू बाहेर आल्या, आपला पोळपाट ओळखला, माझ्या हातून पेला घेतला आणि मला म्हणाल्या, "तू उतर."

अर्ध्या तासानं गाडी परत आली. काका उतरून धावतच पलीकडे गेले. काकूंच्या हातात पेला रिकामा.

काकांचा चेहरा पडला. "कुठे सांडलं?"

"प्यायले मी," काकू म्हणाल्या. "तुम्ही एवढ्या हळू चालवून राहिले, तहान लागली."

काका खाली वाकून टायरची हवा बघू लागले. ती सकाळीच बघितलेली होती.

थंडी संपल्यावर दोघं गावी गेले. बहिणीनं काकूंना ओळखलं, म्हणून तिथेच राहिले. त्यांच्या पार्किंगच्या जागी आता कुणाची तरी पांढरी कार असते. रस्त्यावरच्या दोन रेघा पुसट झाल्या होत्या. परवा ऑफिसला जाताना मी खडूनं पुन्हा ओढल्या.