बाबा, बंद करा!

"दुपारपर्यंत बघच तू! एक बटण दाबायचं, की तुझ्या सगळ्या पेशंटना आपापल्या वेळेची आठवण! विषय संपला!" नवऱ्याने सकाळीच जाहीर करून टाकलं.

दातांची डॉक्टर असलेली बायको चपला शोधत म्हणाली, "चाललं, तर दवाखान्याची मागची खोली तुझं ऑफिस. नाही चाललं, तर सोमवारपासून दादाच्या फरशीच्या दुकानात. मला जेवायला टेबल परत हवंय."

फरशीचं नाव काढताच त्याने जेवणाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर पुढे ओढला. मेहुणा प्रत्येक फरशीवर टकटक करून विचारायचा, "फरक कळला?" त्याला तो आजवर कधीच कळला नव्हता.

प्रोग्राम तसा सरळ होता. बटण दाबलं की निरोप रांगेत जाऊन बसायचे. पडद्यावर मागे एक काळी खिडकी चालू असायची, तिच्यातला 'वर्कर' एकेक निरोप उचलून धाडायचा. ही खिडकी तयार व्हायला जरा वेळ घ्यायची. तेवढ्यात हा गॅलरीत पाय मोकळे करून यायचा.

तो आला, बसला आणि ऐटीत बटण दाबलं. स्वतःच्याच फोनवर निरोप यायचा होता. फोन ढिम्म! पडद्यावर लाल अक्षरं: वर्कर सापडत नाही.

"सापडत नाही? आत्ता तर होता!"

काळी खिडकी गायब झाली होती. त्याने ती पुन्हा चालू केली, गॅलरीत फेरी मारली, आला. पुन्हा गायब! मग त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, अर्धा प्रोग्राम उपटून परत बसवला. दरवेळी खिडकी चालू करावी, फेरी मारून यावं, तर खिडकी नाहीच. त्याचं डोकं पार भंजाळलं. निदान रांग तरी भरतेय का पाहावं, म्हणून त्याने 'सर्व पेशंट' निवडलं. नमुन्याचा मजकूर तोच ठेवला: उद्या नऊला दाढ काढायला या. तसंही जातंय कुठे! रागाच्या भरात त्याने बटण पुन्हापुन्हा दाबलं.

शेवटच्या फेरीला फोन आत राहिला म्हणून तो अर्ध्यातून परतला आणि दारातच थबकला. वीज कचेरीतून निवृत्त झालेले सासरे माउस धरून उभे होते.

"बाबा! काय करताय?"

"बंद करतोय. जावईबापू, तुम्ही सकाळपासून हे उघडं टाकून जाताय. मी आपला येता-जाता मिटवतो. किती वीज जाते, कल्पना आहे?"

त्याला रडावं की हसावं कळेना. "हात लावू नका हं आता! अजिबात नाही!" असं बजावून त्याने खिडकी पुन्हा चालू केली आणि तिच्यासमोर राखणीला बसला.

टिंग! त्याच्या फोनवर निरोप आला. "चाललं! बाबा, चाललं!" त्याने सासऱ्यांना मिठीच मारली. टिंग! टिंग! मग सासऱ्यांच्या खिशातही टिंग!

सासऱ्यांनी चष्मा लावून निरोप वाचला. "दाढ? अहो, माझी अख्खी कवळी आहे! पोरीनेच बसवलीय!"

तेव्हा कुठे त्याला 'सर्व पेशंट' आठवलं. तो माउसवर झेपावला, तर माउस टेबलाखाली पडला. "बाबा, बंद करा!"

"आत्ताच म्हणालात, हात लावू नका!"

"आता लावा! लावा हो!"

"नक्की ठरवा एकदा!"

त्यांचं ठरेपर्यंत वर्करने रांग साफ केली होती. लगेच बायकोचा फोन आला. तिच्या मागे दवाखान्यातल्या फोनच्या घंटा थांबायचं नाव घेत नव्हत्या.

"तुझा प्रोग्राम चालतो," ती अतिशय शांतपणे म्हणाली.

"हो... म्हणजे... फरशी?"

"छे! खोली तुझीच. ताबडतोब ये."

त्याच्या जिवात जीव आला. तो धावतच गेला. मागच्या खोलीत एक खुर्ची, एक टेलिफोन आणि पेशंटांचे नंबर होते. "नाही आजी, दाढ नाही काढायची... नाही हो काका, तुमचीही नाही..." एक झाला की पुढचा, पुढचा झाला की त्याच्या पुढचा.

संध्याकाळी सासरे लेकीला न्यायला आले. मागच्या खोलीत दिवा चालूच राहिलेला दिसला. आत अजून फोनला चिकटलेल्या जावयाकडे न बघताच त्यांनी तो मालवला, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.